दोन समुद्रांच्या बांधावर मुक्काम

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला घाटघर नावाचं गाव आहे. गाव ओलांडून थोडं चाललं की जमीन संपते. पायांखाली उभा कडा आणि खोल खाली कोकण. या कड्याच्या पाठीमागे पडलेला पाऊस भंडारदऱ्याच्या जलाशयात उतरतो, प्रवरेबरोबर अकोले, संगमनेर करत नेवाशाकडे जातो, टोक्याजवळ गोदावरीत मिसळतो आणि नांदेड, तेलंगणा, आंध्र असा हजारावर किलोमीटरचा पल्ला गाठून बंगालच्या उपसागराला मिळतो. कड्याच्या पुढच्या बाजूला पडलेलं पाणी मात्र शहापूर तालुक्यातल्या ओढ्यांत कोसळतं आणि अरबी समुद्राची वाट धरतं. तो समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. ढगातून एकमेकांशेजारी निघालेले दोन थेंब जमिनीवर चार पावलांच्या अंतराने पडले, एवढ्यावरून कोण कुठल्या समुद्राला जाणार ते ठरतं. ज्या प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती प्रवरा इथल्याच रतनगडावर उगम पावते.

लेकरांना घेऊन तंबूत राहायचं तर कुठे जावं, असं कुणी विचारलं की मी भंडारदऱ्याचं नाव घेतो. पाणी, डोंगर, मोकळी हवा इतरत्रही मिळते. पण इथे आठ-दहा वर्षांच्या मुलाला दर तासाला एक खरा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर बोट दाखवून देता येईल इतकं समोर असतं. तीसचाळीस किलोमीटरच्या एका फेरीत एवढं काही पाहायला देणारा दुसरा मुलूख मला माहीत नाही.

घाटघरचंच घ्या. दोन समुद्रांच्या या बांधावर माणसाने एक विलक्षण व्यवस्था उभी केली आहे. गावाजवळ एक धरण आहे आणि कड्याखाली, कोकणाच्या बाजूला, दुसरं. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते, तेव्हा वरच्या धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून चारशे मीटरहून जास्त खाली सोडतात. जमिनीखालच्या वीजघरात प्रत्येकी 125 मेगावॉटचे दोन संच त्यावर फिरतात. रात्र चढली, मागणी उतरली, की तेच संच उलटे फिरवून तेच पाणी पुन्हा वर चढवतात! वर चढवायला जितकी वीज लागते तितकी खाली येताना परत मिळत नाही, थोडी तूट येतेच. तरीही हा व्यवहार फायद्याचा आहे, कारण कोळशावरची मोठी केंद्रं रात्रीपुरती झटकन बंद करता येत नाहीत आणि त्यांची वीज एरवी कुणाला नको असते. साठवलेलं पाणी म्हणजे इथे साठवलेली वीज. 2008 पासून हे चालू आहे. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जायला निघालेलं पाणी कोकणात उतरतं आणि मग घाट चढून माघारी येतं. मुलांना हे सांगितलं की ती धरणाच्या पाण्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. वीजघर आतून बघता येत नाही, पण वरचं धरण रस्त्यावरून दिसतं आणि गोष्ट सांगायला तेवढं पुरतं.

हा एवढा उभा कडा आला कुठून? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. एक थर पसरायचा, निवायचा, त्यावर दुसरा. असे थरावर थर साचून इथला सह्याद्री घडला. कळसूबाईच्या माथ्याकडे खालून नीट पाहिलं तर हे थर मोजता येतात. कठीण थर आहे तिथे उभा कडा आणि मऊ थर आहे तिथे गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. भूवैज्ञानिकांनी या लाव्हाथरांच्या एका मोठ्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलं आहे.

जलाशयाच्या काठावरचा एखादा काळा दगड उचलून मुलाच्या हातात द्या. त्यावर हरभऱ्याएवढे, कधी वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतील. नख लावलं तर ठिपका दगडापेक्षा गुळगुळीत लागतो आणि उन्हात तिरका धरला तर चमकतो. तो एके काळी वायूचा बुडबुडा होता. तप्त लाव्ह्यात वायू कोंडलेले असतात. ते वर यायला धडपडतात आणि लाव्हा गोठला की जागच्या जागी अडकतात. वायू निघून गेला, पोकळी राहिली. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं, त्यातली खनिजं पोकळीच्या कडेने साचत गेली आणि पांढरा स्फटिक तयार झाला. डायनासोर जमिनीवर वावरत होते त्या काळातला श्वास या दगडात अडकलेला होता, असं मुलाला सांगितलं तर ते फारसं चुकीचं ठरणार नाही. दगड पाहून झाला की जिथला तिथे ठेवायला सांगा. हा सगळा टापू कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.

आता पाऊस. जूनमध्ये समुद्रावरून आलेला ओला वारा या भिंतीवर आदळतो आणि त्याला वर चढावंच लागतं. वर हवा गार, त्यामुळे वाफेचं पाणी होतं आणि ते इथेच रितं होतं. घाटघर-रतनवाडीला एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो. तोच वारा जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत कोरडा झालेला असतो आणि तिथे याच्या एक-अष्टमांश पावसावर वर्ष काढावं लागतं. जिल्हा एकच, पण इथे भाताची खाचरं आणि पूर्वेला ज्वारी-बाजरी.

इंग्रजांनी नेमकं हेच हेरलं. 1910 मध्ये शेंडी गावाजवळ प्रवरेवर भंडारदऱ्याचं दगडी धरण बांधायला घेतलं आणि 1926 मध्ये ते पुरं झालं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन धरण. उंची सुमारे 82 मीटर, साठवण साधारण अकरा टीएमसी. शंभर वर्षांची ही भिंत अजून काम करते आहे. तिच्या पाण्यावर खाली प्रवरेच्या कालव्यांनी उसाचा पट्टा फुलवला आणि त्याच पट्ट्यात 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. तळ्याकाठी सकाळचा चहा घेताना त्यातली साखर याच पाण्यावर पिकलेली असण्याचा चांगलाच संभव आहे. मात्र एक गोष्ट मनाला लागते. एवढं पाणी डोळ्यांसमोर असूनही इथल्या काही पाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. म्हणून मुक्कामात पाणी जपून वापरायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं.

धरणाच्या पायथ्याशी अम्ब्रेला फॉल आहे. पाणी सोडलं की एका गोलसर कातळावर ते पडतं आणि चहूबाजूंनी छत्रीसारखं पसरत खाली येतं. धरणातून पाणी सोडतात तेव्हाच तो दिसतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवून निघू नये. दहा-बारा किलोमीटरवर रंधा धबधबा आहे. तिथे प्रवरा अरुंद घळीत सरळ उडी घेते. काठाला घोरपडादेवीचं मंदिर आहे. पावसाळ्यात रंध्याचा आवाज छातीत घुमतो. कठड्याच्या अलीकडेच थांबायचं आणि मुलाचा हात सोडायचा नाही. हा नियम मी फोटोसाठीही मोडणार नाही.

शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडी, अशी जलाशयाला वळसा घालणारी वाट आहे. तंबूचे मुक्काम या गावांच्याच शिवारात असतात. बरेचसे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांनी आपल्या शेतात किंवा अंगणालगत उभारलेले. माझं मत स्पष्ट आहे: घरमालक त्याच आवारात राहतो, संडासाची नीट सोय आहे आणि रात्री कर्णा वाजत नाही, असाच मुक्काम घ्यावा. फोनवर हे तीन प्रश्न विचारले की निम्मं काम झालं. पाण्याच्या अगदी कडेला तंबू हवा म्हणून हट्ट धरू नये. जलाशयाचा काठ दिसायला उथळ असतो, पण तो मुळात बुडालेल्या दरीचा उतार आहे आणि दोन पावलांत पाणी डोक्यावर जातं. पोहण्याचा विषयच नको. नावेत बसायचं तर मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच.

काठापेक्षा थोडं उंचावर राहण्याचं आणखी एक कारण आहे. रात्री डोंगरउतारावरची जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि उताराने खाली घरंगळत दरीच्या तळाशी साचते. डिसेंबर-जानेवारीत हा फरक अंगाला जाणवतो. पाण्याकाठचा तंबू हुडहुडी भरवतो आणि थोडा वरचा सुसह्य असतो. सकाळी तंबूच्या आतून कापडाला थेंब लागलेले असतात आणि मुलं विचारतात, पाऊस आत कसा आला? ते घरातल्या चौघांच्या रात्रभराच्या श्वासातलं पाणी. बाहेरच्या गारव्याने कापड थंड झालं आणि वाफ त्यावर जमली. जो नियम घाटघरच्या कड्यावर पाऊस पाडतो, तोच डोक्यावर दीड हातावर काम करत होता. तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवली की थेंब कमी होतात. दुसऱ्या रात्री हा प्रयोग मुलांनाच करू द्यावा.

साम्रदची सांदण दरी म्हणजे लाव्ह्याच्या कातळाला पडलेली एक अरुंद, खोल चीर. गावातून वीसेक मिनिटांत तिच्या तोंडाशी पोचता येतं. कमकुवत रेषेवर पाणी वर्षानुवर्षं खोदत गेलं आणि दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती उरल्या. काही ठिकाणी भिंती इतक्या जवळ येतात की भर दुपारी तळाशी ऊन पोचत नाही आणि कातळाला हात लावला तर तो गारढोण लागतो. वर पाहिलं तर आभाळाची एक पट्टी फक्त. दरी पश्चिमेकडे उतरत जाऊन कोकणाच्या बाजूला उघडते. पुढचे टप्पे दोर लावून उतरण्याचे आहेत आणि ते कुटुंबाचं काम नाही. मुलांबरोबर पाण्याच्या पहिल्या डोहापर्यंत जाऊन परतावं, तेही गावातला वाटाड्या बरोबर घेऊन. पावसाळ्यात तर सांदणच्या आत पाऊलही टाकू नये. वर आभाळ कोरडं असलं तरी डोंगरावर पडलेलं पाणी लोंढ्याने येतं, आणि भिंतींमध्ये पळायला जागा नसते.

रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. त्याचं शिखर लांबून एकसंध दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की ते छोट्या छोट्या शिखरांच्या रांगांनी बनलेलं आहे, खालची मोठी, वरची लहान. मुलांना एका रांगेतली शिखरं मोजायला लावा, अर्धा तास छान जातो. भर पावसात गाभाऱ्यातली पिंड पाण्याखाली जाते. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती निवांत पाहण्यासारख्या. मंदिरामागे रतनगड आणि त्याच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेलं नेढं. मोठ्या मुलांना घेऊन गड करता येतो, धाकट्यांना खालून नेढं दाखवलं तरी चालेल. कळसूबाईचंही तसंच. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. चालायची सवय असलेलं दहा-बारा वर्षांचं मूल सहज वर जातं. त्याहून लहानांना ओढत नेण्यात कुणालाच आनंद नाही.

आणि काजवे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत इथली काही झाडं रात्री पेटल्यासारखी दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे बसतात. एका फांदीवर लुकलुक सुरू होते, शेजारची फांदी ती उचलते आणि बघता बघता सगळं झाड एका तालात उजळतं, विझतं. त्यांना ताल धरून देणारा कुणी नाही. एका तालात लुकलुकणारे काजवे शेजाऱ्याचा दिवा पाहून आपला पुढचा दिवा किंचित अलीकडे-पलीकडे करतात. प्रत्येक जण फक्त जवळच्यांकडे बघतो, आणि तेवढ्यातून सगळ्या झाडाचा ताल जुळतो.

दिवा असतो पोटाच्या टोकाशी. तिथे ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो. काजवा प्राणवायूचा पुरवठा ताब्यात ठेवतो, म्हणून त्याला दिवा लावता-विझवता येतो. या उजेडात उष्णता जवळपास नसतेच. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये बहुतेक वीज तापण्यातच वाया जायची. एवढ्याशा किड्याने तो प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला होता.

आपण पाहतो ते त्याच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण असतं. त्याआधी अनेक महिने काजवा अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली राहतो आणि गोगलगायी, गांडुळं खातो. पंख फुटल्यावर हातात दोन-तीन आठवडे उरतात. नर लुकलुकून मादीला हाक घालतो, मादी उजेडानेच उत्तर देते. हे सगळं बोलणं अंधारात चालतं. तिथे आपण गाडीचा हेडलाइट टाकला, मोबाइलचा टॉर्च फिरवला, तर त्यांना एकमेकांचा दिवा दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यातली एक रात्र वाया जाते. अंधारात झाडाखाली शिरलेल्या माणसांच्या पायांखाली गवतात बसलेल्या माद्या चिरडतात आणि पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपतात. हंगामात शनिवार-रविवारी इथे गाड्यांच्या रांगा लागतात. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाला वेळेची बंधनं घातली, ते योग्यच झालं. माझी कळकळीची विनंती आहे, जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवा, रस्ता सोडू नका आणि टॉर्चला लाल कागद लावून तो जमिनीकडे धरा. दहा मिनिटं काहीच न करता उभं राहिलं की डोळे अंधाराला सरावतात आणि मग कितीतरी जास्त काजवे दिसतात. बाटलीत काजवा भरून आणायला मुलांना देऊ नये.

काजव्यांची एवढी थोरवी सांगूनही मी लहान मुलांसाठी थंडीच निवडेन. मेमध्ये वळवाचा पाऊस आणि विजा अवचित येतात. थंडीत आभाळ स्वच्छ असतं. मृगाचे तीन तारे रेषेत दिसतात, त्या रेषेने खाली आलं की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. शेजारी साडेआठ वर्षांचं मूल उभं असेल तर त्याला सांगा, तू जन्मलास त्या सुमारास निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत शिरतोय. चंद्र नसेल तर देवयानी दीर्घिकेचा पुसट ढगही नुसत्या डोळ्यांनी सापडतो. तिथून उजेड निघून पंचवीस लाख वर्षं झाली. पावसाळा सरताना, सप्टेंबरात, आभाळ झाकलेलं असलं तरी रतनगडाचे उतार सोनकीने पिवळे झालेले असतात. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदा, सगळी मिळून फुलते. यंदा तिची पाळी आहे का, हे गावातलं कुणीही सांगेल.

जेवण घरमालकाच्या चुलीवरचंच घ्यावं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. हा तालुका बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भाताची, वालाची, भाज्यांची गावरान वाणं जपून त्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणून ताटातला भात कुठल्या वाणाचा, ते जरूर विचारा. उताराच्या वरच्या खाचरांत पाणी टिकत नाही, तिथे लवकर पिकणारा हळवा भात लावतात. खालच्या खोलगट खाचरांत पाणी उशिरापर्यंत साचून राहतं, तिथे गरवा. पाऊस इथे कुठून कुठे वाहतो हे या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुलाने विचारलं तर घरातली एखादी आजी जेवण उरकून त्याला खाचराच्या बांधावर घेऊन जाईल आणि कुठलं पाणी कुठे थांबतं ते दाखवेल.